विंगेतली खुर्ची

"छे गं कांचन, ही कुठली जातेय! आम्ही नाही म्हणून कळवून टाकलं," असं श्रीनाथ हॉलच्या पार त्या टोकाकडून म्हणाला, तेव्हा मी टेबलाशी उभी राहून किटलीतून सगळ्यांना चहा देत होते. किटली हातात तशीच वाकडी राहिली. कप भरला, चहा टेबलावर आला, टेबलावरून खाली माझ्या रबरी चपलेतल्या पायावर पडला, आणि पाय भाजल्यावर मी हसून म्हणाले, "हो ना, एवढ्या लांब कोण जातंय आता." सगळे हसले. कांचनने, म्हणजे न्यूझीलंडमधल्या आमच्या टौरंगा गावच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी, दुसरं बिस्किट उचललं आणि विषय संपला. मी फडकं आणून टेबल पुसलं. पुसता पुसता माझ्या लक्षात आलं, की नाही म्हणून कुणीच कळवलेलं नाही. मी तर नाहीच, आणि श्रीनाथ कळवणार तरी कुणाला? फोन मला आला होता.

फोन वेलिंग्टनहून होता. मी इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे. वॉर्डावर फिरायचं, पेशंटच्या गोळ्या तपासायच्या, डॉक्टरांच्या चुका त्यांना न दुखावता त्यांच्या लक्षात आणून द्यायच्या, हे इतकी वर्षं केलं. आता सरकारी खात्यात जागा निघाली होती. देशभरातून कुठल्या औषधाने कुणाला काय त्रास झाला ते कळवलं जातं, ते सगळं एकत्र वाचून धोका कुठे आहे ते ओळखायचं. मी गंमत म्हणून अर्ज केला होता असं सगळ्यांना सांगितलं, पण गंमत म्हणून कुणी मुलाखतीसाठी नवा ब्लेझर घेत नाही. "किया ओरा मृदुला," रेचेल नावाची ती बाई इथला माओरी नमस्कार करून म्हणाली, "आम्हाला तुम्हीच हव्या आहात." तुम्हीच हव्या आहात असं मला माझ्या चोपन्न वर्षांच्या आयुष्यात कुणी इतकं सरळ म्हटलं नव्हतं. विचार करायला वेळ हवा का, असं तिने विचारलं. आमचं नाटक शनिवारी होतं, म्हणून मी त्यानंतरचा सोमवार मागून घेतला. त्या संध्याकाळी हार्बर ब्रिजवर नेहमीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना मी श्रीनाथला सांगितलं, वेलिंग्टनहून फोन आला, त्यांनी घेतलंय मला. तो म्हणाला, "अरे वा! वा वा वा!" आणि माझा हात धरला. मग म्हणाला, "पण बापरे, तिथला वारा!" पुढे घर येईपर्यंत तो वाऱ्याबद्दल बोलला, एकदा तिथे त्याची छत्री कशी उलटी झाली त्याबद्दल बोलला, आणि मी हसले. त्या हसण्यातच माझं उत्तर त्याला मिळालं असणार. म्हणजे हॉलमध्ये तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीने ते ठरलेलंच होतं, आणि मला त्याचाच राग आला, की त्याला खोटं बोलायचीही गरज पडली नाही.

आणि योग बघा, चहानंतर तिसऱ्या अंकाची तालीम होती. नाटक अमेरिकन, सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं. श्रीनाथने पुण्यात कॉलेजात असताना ते मराठीत आणलं होतं आणि आता इथे मंडळासाठी पुन्हा काढलं होतं. माणसं थोडी आहेत. लाकडाच्या वखारीचा मालक हॅरल्ड, त्याची बायको एडिथ, आणि सफरचंदांची बाग विकत घ्यायला आलेला पाहुणा. बाग एडिथच्या वडिलांची, तिच्या नावावर. पहिले दोन अंक पाहुणा एडिथला काहीही विचारतो आणि उत्तर हॅरल्ड देतो. चहात साखर किती इथपासून. प्रेक्षक आधी हसतात, कारण हॅरल्ड खरंच विनोदी आहे, प्रेमळ आहे, बायकोच्या खांद्यावर सारखी शाल घालत असतो. मग हसू हळूहळू बंद होतं. तिसऱ्या अंकात हॅरल्ड बाग विकायची म्हणून सांगून टाकतो, आणि पाहुणा म्हणतो, मला हे बाईंच्या तोंडून ऐकायचंय. हॅरल्ड म्हणतो, "सांग ना गं त्यांना." आणि एडिथ म्हणते, "ह्यांनी सांगितलं तसंच." थोड्या वेळाने पडदा पडतो. केवढं साधं वाक्य! पण मी ते नाटक इतक्या वेळा ऐकलंय आणि दर वेळी वाटतं, हा कोण कुठला अमेरिकन बाप्या, त्याच्या गावात बर्फ, आमच्याकडे कोकम, आणि याला आमच्या घरातलं कसं कळलं? बायकोला मारणारा नवरा रंगवणं सोपं. शाल घालणारा रंगवायला हिंमत लागते. त्या माणसाला मी मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल.

हॅरल्ड अर्थातच श्रीनाथ करत होता, आणि दिग्दर्शनही त्याचंच. पोर्टवर क्रेन दुरुस्त करणारा हा इंजिनिअर स्टेजवर आला की वेगळाच होतो, हे मी बायको म्हणून सांगत नाही, प्रॉम्प्टर म्हणून सांगते. विंगेतली खुर्ची माझी. कॉलेजात तो हॅरल्ड होता तेव्हाही माझीच होती. फार्मसीला होते, अभिनय येत नव्हता, पाठांतर मात्र पक्कं होतं, म्हणून कुणीतरी हाताला धरून मला त्या खुर्चीत बसवलं. पहिल्याच तालमीत एक मुलगा थांबला आणि मी घाईघाईने त्याला वाक्य फेकलं. तेव्हा श्रीनाथ विंगेत आला होता. किडकिडीत, घामाघूम, ओठांवर मिसरूड. म्हणाला, "तू हुशार आहेस, पण एक लक्षात ठेव. माणूस वाक्य विसरला की त्याचे डोळे विंगेकडे येतात. थांबला असेल तर डोळे समोरच्या माणसावर राहतात. विसरलेल्याला वाक्य द्यायचं. थांबलेल्याला हात लावायचा नाही. प्रॉम्प्टरचं अर्धं काम गप्प बसणं आहे." मी तिथल्या तिथे त्याच्या प्रेमात पडले, कशाला लपवू? इतकं बारीक बघणारा मुलगा मी पाहिला नव्हता. पुढे त्याच्याशी लग्न केलं, त्याच्याबरोबर इथे आले, पोर्टच्या ओंडक्यांच्या वासात आणि ऑक्टोबरच्या थंडीत संसार मांडला, आणि दर वर्षी त्या खुर्चीत बसत आले. चुकीच्या जागी वाक्य मी पुन्हा कधी दिलं नाही. मंडळात म्हणतात, मृदुला असली की कुणी पडत नाही.

त्या दिवशी दिलं. एडिथ करत होती वल्लरी, माझ्याच हॉस्पिटलमधली नर्स, नाशिकची, अजून पस्तिशीही गाठली नसेल. नितीश हा पाहुणा झाला होता. तो स्टेजवर आला आणि सवयीप्रमाणे दाराच्या चौकटीशी बूट काढून आत शिरला, तेव्हा श्रीनाथ ओरडला, "अरे तू अमेरिकन आहेस ना! बूट घाल!" या देशात गोऱ्यांच्या घरातसुद्धा बूट दाराशीच काढतात, त्यामुळे नितीशच्या पायांना काही केल्या पटत नव्हतं. हसणं झालं, बूट चढले, प्रसंग पुढे गेला. "मला हे बाईंच्या तोंडून ऐकायचंय," नितीश म्हणाला. "सांग ना गं त्यांना," श्रीनाथ म्हणाला. आणि वल्लरी थांबली. तिच्या हातात चहाची किटली होती, नाटकातली, रिकामी. ती हवेत वाकडी राहिली. डोळे हॅरल्डवर. विंगेकडे पापणीसुद्धा वळली नाही. मला शंभर टक्के दिसत होतं की ही विसरलेली नाही. तरी माझ्या तोंडून मोठ्याने गेलं, "ह्यांनी सांगितलं तसंच!" वल्लरी दचकली, तिने ते वाक्य माझ्यामागून म्हणून टाकलं. श्रीनाथने खूश होऊन विंगेकडे अंगठा दाखवला. "शाब्बास, मृदुला! अशी तयारी पाहिजे." मी खुर्चीत बसून राहिले. माझ्या पायावरचा भाजलेला डाग चुरचुरत होता. ती शांतता मला सहन झाली नव्हती, एवढंच खरं होतं. ती आणखी थोडी चालली असती तर काहीतरी झालं असतं, आणि ते काय याची मला भीती वाटली होती.

श्रीनाथ वाईट असता तर किती बरं झालं असतं असं मला घरी जाताना वाटलं. गाडीत त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, वाटेत दुकानाशी थांबून मलम आणलं, घरी पोचल्यावर स्वतः लावलं, भात लावला, आमटी गरम केली. त्याच्या कपाळावरचे केस आता गेलेत आणि मलम लावताना ते गोल चकचकीत डोकं माझ्या गुडघ्याशी होतं. मला इतकी माया आली की मी त्यावर हात ठेवला. आणि त्याच वेळी आठवत राहिलं. रेस्टॉरंटमध्ये वेटरने मला विचारलं की हा म्हणतो, "हिला माइल्ड." मला तिखट आवडतं. डॉक्टरने विचारलं झोप कशी आहे, तर हा म्हणाला, "शी स्लीप्स व्हेरी वेल." मी रात्र रात्र छताकडे बघत होते ते त्याला माहीत नव्हतं, कारण तो झोपलेला असायचा. पण एकट्याला कशाला दोष देऊ? मी तरी दुसरं काय करत होते? "तो गं तो, आपला, तो..." असं तो म्हणाला की मी म्हणणार, "राजाराम." "हां, राजाराम. त्याच्याकडे ते, ते..." "प्रेशर वॉशर." "हां." त्याच्या प्रत्येक अडण्यात मी शब्द ठेवत गेले, माझ्या प्रत्येक थांबण्यात तो उत्तर ठेवत गेला. लोकांना किती गोड वाटायचं. मेड फॉर ईच अदर म्हणायचे आम्हाला.

बुधवारी वल्लरी मला हॉस्पिटलच्या कॅफेत भेटली, तिच्या ब्रेकमध्ये. ती मला ताई म्हणते आणि श्रीनाथला काका. हे कुठलं नातं, असं म्हणून तो कायम कुरकुरतो. मी तिची माफी मागायला गेले होते. म्हटलं, "परवा मी तुला उगाच वाक्य दिलं. तू थांबली होतीस, मला कळत होतं." तिने सँडविच खाली ठेवलं. "ताई, रागावणार नाही ना? तो पॉज मी तुमच्याकडूनच उचललाय." मला काही कळेना. "चहाच्या वेळी. काका म्हणाले ना, आम्ही नाही म्हणून कळवलं. तेव्हा तुमची किटली थांबली. मी बघत होते. चहा कपाबाहेर चाललाय आणि तुम्ही बघताय काकांकडे. मला वाटलं आता ही बाई काहीतरी बोलणार. आणि मग तुम्ही हसलात." तिने सँडविचचा कागद सरळ केला. "मला एडिथ समजतच नव्हती हो तोवर. वाटायचं, किती बावळट बाई आहे. मग वाटलं, बावळट कुठली? ती तर त्या थांबण्यात अख्खं आयुष्य बघून येते. शेवटी वाक्य तेच म्हणते, पण ते आता तिने म्हटलेलं असतं."

मी कॉफीकडे बघत बसले. बाहेर पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी वाट न बघता हॉर्न देत होती. केवढी ही पोर, वॉर्डात रात्रपाळी करते, सकाळी घरी जाऊन लेकीला शाळेत सोडते, आणि माझ्या हातातली किटली बघून जाते! मला स्वतःला जे दिसलं नाही ते तिने पाहिलं, आणि त्याची कीव केली नाही, त्यातून काहीतरी घडवलं. "आणि तुम्ही जाणार आहात का हो वेलिंग्टनला?" तिने विचारलं. नुसतं विचारलं, आणि उत्तराची वाट बघत राहिली. मला उत्तर देता येईना, आणि तिने माझ्यासाठी ते दिलं नाही. ब्रेक संपला तशी हात धुवायला गेली.

गुरुवारच्या रंगीत तालमीत ती पुन्हा थांबली. या वेळी मी तोंड मिटून बसले. श्रीनाथने तालीम थांबवली. "वल्लरी, हा पॉज काढ. लोकांना वाटेल तू विसरलीस."

"वाटू दे ना, काका. हॅरल्डलापण तेच वाटायला हवं."

"एडिथ मोडलेली बाई आहे. मोडलेला माणूस लगेच हो म्हणतो. थांबायची ताकद कुठे असते त्याच्यात?"

"मोडली असती तर हॅरल्डने तिला विचारलंच कशाला असतं? तो घाबरलाय काका. म्हणून तर 'सांग ना' म्हणतो."

मला इतका आनंद झाला की खुर्ची करकरली. श्रीनाथचा चेहरा लाल झाला. चांगला दिग्दर्शक आहे तो, त्याला मुद्दा लागला होता, हे मला विंगेतून दिसलं. पण शो दोन दिवसांवर होता, कांचन बघत होती, नितीश हातात बूट घेऊन उभा होता. "माझ्या नाटकात हे चालणार नाही," तो म्हणाला. "नाटक लिहिणाऱ्याचं आहे ना पण," वल्लरी अगदी हळू म्हणाली. मग श्रीनाथ माझ्याकडे वळला. "मृदुला, ही तिथे थांबली की लगेच वाक्य द्यायचं. खणखणीत. दुसऱ्या क्षणी. कळलं?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी काय म्हणाले? "बरं." लगेच म्हणाले.

शुक्रवारी आमच्या इराचा फोन आला. ती ऑकलंडला माउंट रॉस्किलमध्ये मैत्रिणींबरोबर राहते, माझं मराठी तिला सगळं समजतं आणि उत्तर इंग्रजीत येतं. मी तिला सांगत बसले, की बाबांचं जेवण, बाबांचं बीपी, घराचे हप्ते, तिथलं भाडं, शनिवार-रविवारी छोट्या विमानाने ये-जा, ते विमान वाऱ्यात किती हलतं. तिने सगळं ऐकून घेतलं. "आई, डू यू वॉन्ट इट?" मी म्हटलं, "अगं बाबांना..." "आय डिडन्ट आस्क अबाउट बाबा," ती म्हणाली. मग तिलाच वाईट वाटलं असावं, कारण पुढे मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, तू सांग ना." तेच 'सांग ना'! फोन ठेवल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले. शेजारच्या फिजोआच्या, म्हणजे इथल्या पेरूसारख्या फळाच्या, झाडाला लाल फुलं आली होती. जवळच्या टे पुके गावाकडच्या किवी फळांच्या बागांमध्ये या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवलेल्या असतात, त्यातल्या वाट चुकलेल्या दोन-तीन माश्या त्या फुलांत होत्या. मला ती नोकरी हवी होती. असं मनाशी म्हणून बघितलं तर काहीच कोसळलं नाही. मग आत श्रीनाथ आरशासमोर हॅरल्डचा टाय बांधून बघत होता, म्हणाला, "बरा दिसतो का गं? बराच दिसतो," आणि मी म्हणाले, "बराच दिसतोस," आणि सांगायचं तसंच राहिलं.

शनिवारी दुपारी शाळेचा हॉल भरला. पुलापलीकडच्या माउंट भागातून आलेले, रोटोरुआहून गाडी घेऊन आलेले, मराठी न समजणारे कुणाचे तरी गोरे किवी शेजारी. रंगमंचाची पूजा झाली, पण उदबत्ती नाही, कारण मागे एकदा उदबत्तीने शाळेचा अलार्म वाजून फायर ब्रिगेडची गाडी आली होती. बॅटरीची पणती लावली, नारळ बाहेर फुटपाथवर फोडला. तिसरी घंटा झाली आणि मी खुर्चीत बसले. मांडीवर नाटकाची वही, हातात छोटा टॉर्च. पहिला अंक रंगला, दुसरा त्याहून. श्रीनाथने हसवून हसवून लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. शाल घालताना तो एडिथच्या खांद्यावर जो एक हात ठेवायचा, जरा जास्त वेळ, जरा जास्त भार देऊन, तो मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला. हे त्याने शोधून काढलं होतं. माझ्या नवऱ्याला हॅरल्ड पूर्ण समजला होता, फक्त तो कोण आहे ते समजलं नव्हतं. तिसऱ्या अंकात नितीश आला आणि दाराशी बूट काढून नुसत्या मोज्यांवर आत गेला. हॉलमध्ये एकही माणूस हसला नाही, कुणाला त्यात काही वावगं दिसलंच नाही.

"मला हे बाईंच्या तोंडून ऐकायचंय."

"सांग ना गं त्यांना."

वल्लरीची किटली थांबली. मी वहीत वाक्य बघितलं, ते मला बघायची गरज नव्हती. दुसरा क्षण आला. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. वल्लरीचे डोळे हॅरल्डवर होते, आणि त्या डोळ्यांत बाग होती, बाप होता, शाल होती, काय काय नव्हतं! तिने जराही मदत मागितली नाही. श्रीनाथ हसतमुखाने वाट बघत होता. मग ते हसू तसंच राहिलं आणि त्याचे डोळे हलले. ते विंगेकडे आले, माझ्याकडे. दे, म्हणाले ते. माझ्या जिभेवर वाक्य होतं. सगळं आयुष्य ते माझ्या जिभेवरच होतं. मी टॉर्च विझवला, वही मिटली आणि हात त्यावर ठेवले. त्याला ते दिसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा नवरा माझ्यासमोर विसरलेल्या माणसासारखा उभा होता, आणि मी त्याला काही दिलं नाही. शेवटी त्याचे डोळे वल्लरीकडे परत गेले, जायलाच हवे होते. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती आली तसा अभिनय त्याने जन्मात केला नव्हता. शालीकडे गेलेला हात अर्ध्यातून खाली आला. मग वल्लरीने किटली टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "ह्यांनी सांगितलं तसंच." पुढच्या रांगेत एक बाई "अगं बाई!" असं चक्क मोठ्याने म्हणाली. वाक्य तेच होतं, पण बाग गेली ती आता हॅरल्डच्या हातून गेली होती, हे त्या गोऱ्या शेजाऱ्यांनाही कळलं असणार, इतके ते सावरून बसले.

पडदा पडल्यावर लोक उभे राहिले. कांचन रडत होती, नितीश बूट शोधत होता, वल्लरीची छोटी मुलगी स्टेजवर धावत आली आणि आईला बिलगली. मी विंगेतून वल्लरीकडे बघून हात जोडले. तिने लांबूनच मान हलवली, तिच्या गालांवरून मेकअप ओघळत होता. श्रीनाथ टाळ्या घेऊन विंगेत आला. किडकिडीतपणा गेलेला, मिसरुडाची पांढरी मिशी झालेली, पण घामाघूम तसाच. माझ्या खुर्चीसमोर उभा राहिला. "विसरली होती ना ती? तू वाक्य का नाही दिलंस?"

"विसरली नव्हती," मी म्हणाले. "थांबली होती. तूच शिकवलंयस मला."

तो काहीतरी बोलणार होता, त्याच्या आधी मी बोलले, कारण तो बोलला असता तर वाऱ्याबद्दल किंवा लाइट्सबद्दल बोलला असता. "श्रीनाथ, वेलिंग्टनला आपण नाही म्हणून कळवलेलं नाही. मी सोमवारी हो म्हणून कळवणार आहे. मला जायचंय."

बाहेर टाळ्या अजून चालू होत्या. "म्हणजे, ते, तुझं ते..." तो म्हणाला, आणि मला माहीत होतं त्याला कुठला शब्द हवाय. तो शब्द माझ्या अगदी ओठांवर आला. मी दिला नाही. त्याचे डोळे माझ्यावरून निघाले, खुर्चीवर गेले, मिटलेल्या वहीवर गेले, पडद्याच्या दोरीवर गेले, आणि मला वाटलं हा आता शोधत राहणार. मग ते परत आले. माझ्या चेहऱ्यावर आले आणि तिथेच राहिले. खूप वेळ राहिले. मी मोजला नाही. मला समजलं की हा आता विसरलेला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबला.